विद्यार्थ्याचा लघुपट आणि आपले अंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उतई येथील युवक-मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थिदशेत स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित करून लघुपट कसा करावा, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय तरुणांचा खरा. परंतु ज्येष्ठ मंडळीही आवर्जून येऊन बसली आहेत, हे आम्ही सुचिन्ह समजतो. आम्हांस जे म्हणावयाचे आहे, त्यातील निम्मे त्यांच्यासाठीच आहे.

लघुपट ही मराठी माणसाला परकी वस्तू नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे सर्वश्रुत आहे. पण त्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले होते. दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण करून ती सारी वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी करावयाची, अशी ती करामत होती. ती पाहून पैसा लावणाऱ्यास भरवसा वाटला आणि पुढचा इतिहास घडला. तेव्हा भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावर एक लघुपट उभा आहे आणि त्याचा नायक घरातले रोपटे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पुढे, १९६० मध्ये, पुण्यास प्रभात कंपनीच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि विद्यार्थ्याच्या लघुपटाला रीतसर घर मिळाले. त्या काळची एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली पाहिजे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. रीळ महाग आणि मोजूनमापून मिळणारे. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी विद्यार्थी दहा वेळा विचार करी. आज खिशातील फोनवर तासन्‌तास चित्रण होते आणि तो विचार नेमका गळून पडतो. त्याच संस्थेत उमेश कुलकर्णी यांनी २००४ च्या सुमारास ‘गिरणी’ हा लघुपट केला. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्यापायी एका मुलाचे बालपण कसे झाकोळते, एवढाच त्याचा विषय. त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २००८ मध्ये ‘वळू’ घेऊन आलेले दिग्दर्शक ते हेच.

परंतु पुण्याची संस्था सर्वांच्या नशिबी नसते. म्हणून आम्ही दुसऱ्या उदाहरणाकडे वळतो. ते आपल्या मुलांना अधिक जवळचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. तेथील वडार समाजात वाढलेले नागराज मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. झाले आणि त्यानंतर अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाच्या अभ्यासक्रमास बसले. तोवर ते तिशीच्या आसपास पोहोचले होते. आमच्या मुलाचे वय निघून गेले, असे सांगणाऱ्या पालकांनी हे टिपून ठेवावे. तेथे विद्यार्थी असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. लांबी अवघी पंधरा मिनिटांच्या घरातली.

‘पिस्तुल्या’ पारधी समाजातील एका मुलाची गोष्ट आहे. त्याला शाळेची ओढ आहे आणि घरचे दारिद्र्य त्याला चोरीकडे ढकलीत आहे. इंग्रजी अमलातील कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरील तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्यांतलीच ही एक. शिक्का कागदावरून गेला तरी गावाच्या नजरेतून गेला नाही, हे भाषण ठोकून सांगता आले असते. लघुपट ते सांगत नाही; मुलाच्या मागे मागे चालतो. या मुलाचे काम करणारा सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही आपणांस दिसला. २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘पिस्तुल्या’ला दिग्दर्शकाच्या पदार्पणाच्या लघुपटाचा मान मिळाला.

त्यांच्याजवळ मोठा स्टुडिओ नव्हता. ज्या माणसांत ते वाढले, ती कशी बसतात, कशी गप्प राहतात, कोणत्या शब्दाला दुखावतात, हे ठाऊक असणे हेच त्यांचे भांडवल होते, असे आमचे मत आहे. मुंबईच्या कोणत्याही निर्मात्याला ते विकत मिळण्यासारखे नव्हते.

आता आपल्या अंगणात येऊ. भिलाईचा कारखाना उभा राहिला; १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली; आणि नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंची कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. त्यांची नातवंडे आज घरी आजीशी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलतात. या मुलांनी लघुपट केला, तर तो कोणत्या भाषेत असावा? ‘मंडळाच्या कार्यक्रमात दाखवावयाचा तर तो शुद्ध मराठीतच हवा’, असे काही ज्येष्ठांनी आम्हांस कळकळीने सांगितले. मराठी पुढील पिढीत टिकेल की नाही, ही त्यांची चिंता खरी आहे आणि आमचीही आहे. तरीही अट आम्हांस मान्य नाही. आजीला मराठीत आणि मित्राला छत्तीसगढीत उत्तर देणारा मुलगा पडद्यावर दोघांशीही पुस्तकी मराठीत बोलू लागला, तर तो मुलगाच खोटा ठरेल. ‘सैराट’ने २०१६ मध्ये सारा महाराष्ट्र वेडा केला, तो करमाळ्याच्या बोलीत. आणि ज्या भूमीत आपण राहतो, तिचा पहिला चित्रपट, मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’, १९६५ मध्ये आला तोही जातीबाहेरच्या प्रेमाचीच कथा घेऊन. शेजाऱ्याच्या भाषेत आपला प्रश्न इतका आधी मांडला गेला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

विषय कोठे शोधावा, असे मुले विचारतात. पोळ्याचेच घ्या. विदर्भातून आलेल्या घरात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजतो. शेजारच्या छत्तीसगढी घरात मातीचा नंदी आणि मुलींसाठी मातीची जाती-भांडी येतात. दोन मुले, दोन बैल आणि एक अंगण. यातून भांडण निघेल, अदलाबदल होईल, एखादा बैल फुटेलही. आठ मिनिटांचा लघुपट येथे तयार पडून आहे. कारखान्याच्या आत परवानगीवाचून चित्रण करता येणार नाही, हे खरे. पण रात्रपाळीहून परतलेला बाप आणि त्याच वेळी शाळेला निघालेली मुलगी दारात एकमेकांना ओलांडतात, त्याला कोणाची परवानगी लागते? त्या दोघांचीच.

ती मात्र अवश्य घ्यावी. गरीब माणसाचा चेहरा फुकट मिळतो, अशी समजूत वाढू लागली आहे, म्हणून हे सांगावे लागते.

तंत्राविषयी थोडेच. प्रथम सारे कागदावर लिहावे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. चित्र अंधूक असले तर प्रेक्षक सोसतो, संवाद ऐकू न आल्यास उठून जातो. म्हणून दुसरा एक फोन बोलणाऱ्याच्या अगदी जवळ, दिसणार नाही असा ठेवून आवाज वेगळा घ्यावा आणि चित्रण चालू असेतो पंखा बंद करावा. चित्रपटातील गाणे उचलून पार्श्वभूमीला लावू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते. संकलन करताना स्वतःचे आवडते दृश्य आधी कापून पाहावे. त्यावाचून गोष्ट उभी राहत असेल, तर ते परत घेऊ नये.

राहिली मंडळाची बाजू. आमची कार्यकारिणीस विनंती अशी की, यंदाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी राखावी. भाषेची अट नसावी. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र असावी. ज्या शेजाऱ्यांच्या अंगणात चित्रण झाले असेल, त्यांस आमंत्रण पाठवून पुढच्या रांगेत बसवावे. पडदा आणि ध्वनिक्षेपक मंडळाजवळ आहेतच. बाकी खर्च आला, तर तो वर्गणीतून भागविण्यास आम्ही अनुमोदन देतो.