घाम आणि व्यायाम

व्यायामाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते: "अहो, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला आणखी व्यायाम कशाला?" शेतावरचा गडी हे म्हणतो, डोईवरून हंडे वाहणारी बाई म्हणते. मी राहतो त्या मुंबईच्या शिवडीत, गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर, साच्यावर उभा राहणारा कामगारही हेच म्हणत असे. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धेच आहे.

आधी त्यातला खरा भाग पाहू. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा एक अभ्यास जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह १९५३ साली प्रसिद्ध केला. गाडी एकच, ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटे फाडीत जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. म्हणजे कामातली हालचाल वाया जात नाही.

परंतु साचेखात्यातला कामगार म्हणजे काही कंडक्टर नव्हे. आठ तास उभे राहायचे, हात त्याच त्या धाग्यांकडे जायचे, कान बधिर, आणि हवेत कापसाची तूस. घाम भरपूर येई, थकवाही येई. पण काही सांधे फार झिजत आणि बाकीचे शरीर जवळजवळ तसेच राही. दिवसभर कमरेत वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको. श्रमाने शरीर वापरले जाते; व्यायामाने ते सगळ्या बाजूंनी वापरले जावे, अशी अपेक्षा असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कापसाच्या धुळीने छातीला जो विकार जडे, त्यावर जोर-बैठका हा उपाय नव्हता. हवा स्वच्छ राखणे हे मालकाचे काम होते. आमच्या शिवडीतच महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षय जंतूंमुळे होतो. दाटीवाटीची वस्ती आणि अपुरे अन्न त्याला हातभार लावतात. तेव्हा आजारी माणसाला "तू व्यायाम केला नाहीस म्हणून" असे ऐकवणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत.

बरे, गिरणगावात व्यायामाची आवड नव्हती का? होती, चांगलीच होती. तालमी होत्या, मलखांब होता, आणि कबड्डीची मंडळे तर आजही लालबाग-परळ-शिवडीत आहेत. पण तालीम ही तरण्याबांड पोरांची. लग्न झाले, पाळी लागली, की लंगोट खुंटीला! चाळिशीतला माणूस जोर काढू लागला तर लोक हसत. बाईचा तर प्रश्नच नव्हता. ज्या वयापासून व्यायामाची खरी गरज वाढते, नेमक्या त्याच वयात तो सोडायचा, ही आपली रीत.

तिचा फटका पुढे बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अनेकजण पुन्हा कामावर गेलेच नाहीत आणि पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. साच्यावर उभे राहणारे कितीतरी जण रखवालदार झाले. बारा-बारा तास खुर्चीवर. जेवणाचे ताट मात्र साच्यावरच्या दिवसांचेच राहिले. खेड्यातही आता याहून वेगळे नाही. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, बांधापर्यंत मोटारसायकल जाते, आणि "आम्ही राबणारी माणसे" हे वाक्य तेवढे जुने राहिले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्याकडे दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. तो शहरापुरता नाही.

मग करावे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्यात निदान दीडशे मिनिटे झपाझप चालण्यासारखी हालचाल करावी आणि दोन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. दिवसाला वीस-बावीस मिनिटे झाली! तीही सलग हवीत असे नाही. साठीच्या माणसाने हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे. पडण्याची भीती असेल तर भिंत जवळ असावी. छातीत कळ येत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. सूर्यनमस्कार तर घरचेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांतून सुरू केले होते. त्यांना ना यंत्र लागते, ना वर्गणी.

शाळेवरून आठवले. शिक्षक बंधुभगिनींनो, गृहपाठ केला नाही की उठाबशा, उशीर झाला की मैदानाला फेऱ्या! दहा वर्षे ज्याला व्यायाम म्हणजे शिक्षा असे शिकवले, तो चाळिसाव्या वर्षी आपण होऊन उठाबशा काढील कसा? परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा; तो गणिताला. आणि तास झालाच, तर मुलगे मैदानात आणि मुली ओट्यावर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळीत. पुढच्या तासाला मुलींनाही खाली उतरवा. पिशव्या ओट्यावर तशाच राहू द्या. कोणी नेत नाही.