खेळण्यालाही गेज लावा

सातपूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात साधी बुशही माप तपासायचं गेज लावल्याशिवाय पुढे जात नाही. मापात बसली नाही की रिजेक्शनमध्ये. पण तेच गेज हाताळणारा कामगार सुट्टी झाल्यावर हातगाडीवरून बाळासाठी पिवळं बदक घेतो, तेव्हा काय पाहतो? पिळल्यावर ते चीं करतं की नाही, एवढंच. त्याला तरी काय बोल लावायचा? तपासायचं ते डोळ्यांना दिसतच नाही. असली मऊ खेळणी बहुधा पीव्हीसी प्लॅस्टिकची असतात, आणि पीव्हीसी मुळात कडक. थॅलेट नावाची तेलकट रसायनं घालून ते मऊ करतात. ही रसायनं प्लॅस्टिकशी जोडली जात नाहीत, नुसती मुरलेली असतात. बाळ चोखू लागलं की लाळेत उतरतात, आणि त्यांतली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. भडक पिवळ्या-लाल रंगात शिसं असू शकतं, ते वेगळंच. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने 2010 मध्ये बाजारातली खेळणी तपासली, तेव्हा एकूण एक नमुन्यात थॅलेट निघाली.

“आम्हीही असल्याच खेळण्यांवर वाढलो, काय बिघडलं?” असं हमखास विचारलं जातं. शिशापायी बुद्ध्यांक दोन-चार गुणांनी उतरला असेल, तर ते कळणार कसं? ताडून पाहायला दुसरे आपण कुठून आणायचे? जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. म्हणून गेज हवं, आणि ते आहे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मार्कसोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर घातला की खरं-खोटं कळतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा लाकडी भिंगरीवर मार्क नसला तर ती बनावटच असं नव्हे. रंग कोणता लावलाय ते विचारा, बिनरंगी मिळाली तर उत्तमच. मार्कवालं महाग पडतं, हे खरं. मग पाचाऐवजी एक घ्या. रांगत्या बाळाला स्टीलची वाटी आणि चमचाही तासभर पुरतो. मात्र थोरल्या भावंडांची 2021 आधीची खेळणी धाकट्याकडे येतात, तिथे हा कायदा पोचत नाही. ती तुम्हालाच निवडावी लागतील. आज घरी गेल्यावर खेळण्यांचा डबा उपडा करा, आणि चिकट झालेलं, रंगाचे पोपडे सुटलेलं खेळणं आधी बाजूला काढा.