घर नवं करावं की नवं घर घ्यावं?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणावरून)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'ज्येष्ठांचं आर्थिक नियोजन'. तो मी जरा बदलून घेतला आहे. कारण हल्ली पार्किंगमध्ये, भाजी घेताना, मेट्रोच्या जिन्यावरही मला मुदत ठेवीच्या व्याजदराबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात ते एकच, "काय करायचं हो, इथेच घर नीट करून घ्यायचं, की विकून बाणेर-बावधनला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचं?" आपल्या छत्तीस सदनिकांपैकी सात गेल्या चार वर्षांत विकल्या गेल्या. म्हणजे प्रश्न पुस्तकी नाही.

आधी हिशेब. बँकेत आयुष्य गेलं, सवय जात नाही. समजा, इथली सदनिका ऐंशी लाखांना गेली आणि तुम्ही एक कोटी दहा लाखांची तयार सदनिका घेतलीत. आकडे सोयीसाठी धरले आहेत, एजंटने लगेच लिहून घेऊ नयेत. लोक म्हणतात, "तीस लाखांचा फरक, मुलगा देतोय." फरक तीस लाखांचा नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे सात लाख सत्तर हजार. नोंदणी फी तीस हजार. दलाली दोन्हीकडे एकेक टक्का धरली तरी एक लाख नव्वद हजार. ग्रिल, कपाटं, किचन ट्रॉली, पडदे, सामान हलवणं, याचे पाच लाख कमीच धरतोय. झाले जवळजवळ पंधरा लाख. हे पंधरा लाख कुठल्याही भिंतीत दिसत नाहीत. एकूण पंचेचाळीस लाख. सात टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला सव्वीस हजारांच्या वर होतं. शिवाय मोठ्या संकुलाचा मेंटेनन्स आपल्या कितीतरी पट असतो. तिथल्या पोहण्याच्या तलावाचा खर्च तुम्ही पोहा न पोहा, भरायचाच.

बांधकाम चालू असलेलं घर घेतलंत तर पाच टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. आणि खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जोडीने नाव लावलंत की सवलत गेली. पण एक टक्क्यासाठी नाव लावताना मृत्युपत्राचाही विचार त्याच आठवड्यात करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्षेत्रफळाचीही गंमत आहे. आपल्या ९९ सालच्या करारनाम्यात बिल्टअप आकडा आहे. रेरा आल्यापासून नवी घरं कार्पेटवर विकली जातात. त्यामुळे कागदावर नवं घर लहान दिसतं आणि आपलं मोठं. टेप घेऊन दोन्ही मोजा. आमचा हॉल मोजल्यावर सौ. म्हणाल्या, "एवढाच का?"

कराबद्दल लोक फार घाबरतात. राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला, तर सूट मिळते. विकण्याआधी एक वर्ष किंवा विकल्यानंतर दोन वर्षांच्या आत खरेदी व्हायला हवी, बांधणार असाल तर तीन वर्षं. आणि आपली घरं २००१ च्या आधीची असल्याने १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. ज्यांनी मूळ किंमत सहा-सात लाख धरून नफा काढला आणि झोप उडवून घेतली, त्यांनी आधी व्हॅल्युअरकडे जावं.

आता दुसरी बाजू, इथेच राहून घर नीट करणं. यात लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी फॉल्स सीलिंग, मग टीव्हीमागची भिंत. पंचवीस वर्षांच्या घराचं दुखणं भिंतीच्या आत असतं. आपल्याकडे लपवलेले जीआय पाइप आहेत, ते आतून गंजत आलेत. नळाला सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं ना, ते तेच. बाथरूमच्या खाली भरलेल्या कोब्यात पाणी मुरलं की खालच्यांच्या छताला डाग येतो, आणि मग दोन घरांतलं बोलणं बंद होतं. गच्चीची गळती किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीने बघायचं. बाथरूम-संडासातली गळती ज्याची त्याने, स्वखर्चाने. हा वाद आपण निदान तीन सभांत घातलाय, म्हणून पुन्हा सांगितलं.

म्हणून क्रम असा: पाणी, वीज, मग पाय घसरणं. पाइप बदला, वॉटरप्रूफिंग नव्याने करा. वायरिंग बदला आणि ईएलसीबी बसवा; ९९ साली आपल्याकडे एसी कुणाकडे होता? बाथरूमला न घसरणारी फरशी, कमोडशेजारी पकडायला दांडी. आणि बाथरूमचा दरवाजा जमेल तेवढा रुंद करा. आपले दरवाजे असे आहेत की वॉकर आडवा धरून आत जावं लागतं. मात्र भिंत पाडण्याआधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. कॉलम-बीमला हातोडा लावणारा कंत्राटदार "काही होत नाही काका" म्हणतो आणि महिन्याने त्याचा फोन लागत नाही. दोन बाथरूम, पाइप, वायरिंग, यासाठी मला आलेली दोन कोटेशनं साडेसहा आणि आठ लाखांची होती.

यावर कोणीतरी म्हणणारच, "पाच वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, कशाला पैसे घालायचे?" हा रास्त मुद्दा आहे. मानीव अभिहस्तांतरण आपलं झालेलं आहे, त्यामुळे जमीन आपल्या नावावर आहे आणि दार उघडं आहे. सरकारच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकावन्न टक्के सभासदांची संमती पुरते. पण पंचवीस वर्षांची आरसीसी इमारत म्हणजे म्हातारी नव्हे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं गेल्या वर्षी झालं. दुरुस्त्या सांगितल्या आहेत, धोकादायक म्हटलेलं नाही. रिडेव्हलपमेंट म्हणजे तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात, तेही आमच्या वयात. तेव्हा पाइपावर खर्च करा, इटालियन मार्बल लावू नका, एवढंच मी म्हणेन.

खरी अडचण पैशांची नाहीच. ती त्या चौपन्न पायऱ्यांची आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सौ.चे गुडघे गेले. मुलगा बंगळूरहून रोज फोन करायचा, "आई-बाबा, विकून टाका." तेव्हा आम्ही एक केलं. गेल्या वर्षी अकरा महिने बाणेरला अकराव्या मजल्यावर लीव्ह अँड लायसन्सवर राहून आलो आणि इथलं घर कुलूप लावून ठेवलं. काहींना वाटलं आम्ही विकून गेलो. निरोपाचा गुच्छही आला होता, त्याबद्दल आभार.

तिथे लिफ्ट होती, बॅकअप होता, गुडघ्यांना आराम पडला. हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण इथे ज्या बाई दुखऱ्या गुडघ्यांनी भिशीसाठी आणि मंडईसाठी दोनदा उतरायच्या, त्या तिथे आठवड्यातून दोनदा उतरू लागल्या. उतरून जायचं कुठे? डॉक्टर रिक्षाने, किराणा मोबाइलवर. जानेवारीत त्या म्हणाल्या, "मला लिफ्ट आहे, पण जायला घर नाही." एप्रिलमध्ये परत आलो. याउलट बी विंगमधले आपले एक जोडपं बावधनला गेलं, ते अतिशय आनंदात आहे. त्यांची मुलगी समोरच्याच इमारतीत आहे. म्हणून सर्वांना एकच सल्ला मी देत नाही. विकण्याआधी तिथे भाड्याने राहून बघा, एवढा मात्र देतो. पंधरा लाखांपुढे अकरा महिन्यांचं भाडं स्वस्त आहे.

आता लिफ्ट. पुढच्या वार्षिक सभेत ठराव येतोय आणि तळमजला, पहिला मजला यांची नाराजी माझ्या कानावर आहे. "आम्ही वापरणार नाही, आम्ही का द्यायचं?" उपविधी सांगतात की लिफ्टची देखभाल आणि वीज यांचा खर्च त्या इमारतीतल्या सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरा वा न वापरा. बसवण्याच्या खर्चात मजल्याप्रमाणे फरक ठेवायचा असेल तर सभेत ठरवता येईल. वरच्यांनी जास्त द्यावं याला माझी हरकत नाही, आणि मी वरचा आहे.

पण वरच्यांनीही एक ऐकून घ्यावं. आपल्या जिन्याला बाहेरून लिफ्ट लावायची तर ती मधल्या लँडिंगवर उघडेल. म्हणजे नऊ पायऱ्या राहतीलच. व्हीलचेअरचा प्रश्न तिने सुटणार नाही. शिवाय बाजूचं अंतर, महापालिकेची परवानगी, विद्युत निरीक्षकांचा परवाना. दोन वर्षं धरून चला.

आमचं ठरलंय ते सांगतो. दिवाळीनंतर बाथरूम आणि पाइपचं काम काढतोय, खालच्यांनी पंधरा दिवस आवाज सोसावा. दोन वर्षांत लिफ्ट झाली तर उत्तम. नाहीतर तिसरा मजला भाड्याने देऊ आणि याच सोसायटीत तळमजल्यावर कुणाची सदनिका रिकामी असेल तर ती भाड्याने घेऊ. दोन-तीन जणांशी बोलून ठेवलंय.

ज्यांना आपापला हिशेब मांडून हवा असेल त्यांनी सकाळी दहा ते बारा घरी यावं. करारनाम्याची आणि इंडेक्स टूची झेरॉक्स, आणि शक्य असेल तर सौ.ना बरोबर आणा. एकट्याने आलेल्यांचा हिशेब मी करत नाही. चहा वर मिळेल, पायऱ्या मोजून या.