दोन यंत्रांच्या गप्पा आणि मध्ये अडकलेला मेल सर्व्हर

आज बोलूया एका अगदी साध्या वाक्याबद्दल: ‘मी सुट्टीवर आहे, परत आल्यावर उत्तर देतो.’ आपण दिवाळीत हे ऑटो-रिप्लाय चालू करतो आणि निवांत फराळाला बसतो. पण समोरून मेल पाठवणारं सुद्धा एक यंत्रच असेल तर?

समजा, तुमचं ऑटो-रिप्लाय एका कंपनीच्या तक्रार खात्यात गेलं. तिथलं सॉफ्टवेअर म्हणतं, ‘तुमची तक्रार नोंदवली, क्रमांक अमुक.’ यावर तुमचा सर्व्हर म्हणतो, ‘मी सुट्टीवर आहे.’ झालं, नवीन तक्रार, नवीन क्रमांक! दर ५ सेकंदांना एक मेल धरा. शुक्रवारी संध्याकाळी ६ ते सोमवारी सकाळी १०, म्हणजे ६४ तास. हिशोब होतो ४६,०८० मेल. आणि दोन्हीकडे कुणी माणूस जागेवर नाही.

गंमत वाटते, पण नुकसान खरं असतं. मेलबॉक्स भरला की खऱ्या ग्राहकाचा मेल परत जातो. रोज किती मेल पाठवायचे याची मर्यादा बहुतेक सेवांना असते, ती संपली की कुणाचं तरी नोकरीचं पत्र अडकतं. आणि सारखे मेल सोडणाऱ्या सर्व्हरला बाकीचे सर्व्हर स्पॅमवाला समजायला लागतात.

तुम्ही म्हणाल, सर्व्हरला कळत नाही का की मेल गोल गोल फिरतोय? एकच मेल फिरत असेल तर कळतं. प्रत्येक सर्व्हर मेलवर आपला शिक्का मारतो. पोस्टफिक्समध्ये हे शिक्के मूळ सेटिंगप्रमाणे ५० च्या वर गेले की मेल परत पाठवला जातो. पण इथे प्रत्येक उत्तर म्हणजे कोरं नवीन पत्र! शिक्के पुन्हा शून्यापासून. म्हणून वेगळा बंदोबस्त लागतो.

हा बंदोबस्त जुना आहे बरं का. सेंडमेल लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांनीच १९८० च्या दशकात युनिक्ससाठी ‘व्हेकेशन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याची युक्ती साधी: कुणाला कधी उत्तर दिलं याची वही ठेवायची, आणि त्याच पत्त्याला आठवडाभर पुन्हा उत्तर द्यायचं नाही.

आज डव्हकॉट सर्व्हरवर हेच काम ‘सीव्ह’ नावाची छोटी भाषा करते. त्यात व्हेकेशन आज्ञेला ‘डेज’ म्हणून एक आकडा देता येतो. काही दिलं नाही तर मूळ सेटिंग ७ दिवस. कुणी हौसेने शून्य लिहिलं, तरी अ‍ॅडमिनने ठरवलेली किमान मुदतच लागू होते, आणि ती मुळात १ दिवस असते. एक बारकावा: उत्तराचा मजकूर बदललात की सर्व्हर ते नवीन उत्तर मानतो आणि जुन्या लोकांनाही पुन्हा पाठवतो. ते नको असेल तर ‘हँडल’ देऊन त्या उत्तराला एक कायमचं नाव द्या.

पण फक्त वहीवर विसंबू नका. काही तक्रार यंत्रणा प्रत्येक तक्रारीला वेगळ्या पत्त्यावरून मेल पाठवतात. वहीच्या दृष्टीने तो दर वेळी नवा माणूस! तिथे २००४ चा आरएफसी ३८३४ हा दस्तऐवज कामी येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

एक, आपोआप गेलेल्या उत्तरावर ‘ऑटो-सबमिटेड’ असं हेडर लावा.
दोन, समोरच्या मेलवर ते हेडर दिसलं, आणि त्यात ‘नो’ लिहिलेलं नसेल, तर गप्प बसा.
तीन, पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा ठेवा, म्हणजे उत्तर पोहोचलं नाही तरी ‘पोहोचलं नाही’ असा मेल उलटून येणार नाही. आणि ज्या मेलवर तो पत्ता रिकामाच आहे, त्याला उत्तर देऊच नका.

शिवाय आपला पत्ता ‘टू’ किंवा ‘सीसी’ मध्ये नसेल, किंवा मेल एखाद्या मेलिंग लिस्टचा असेल, तरी उत्तर नको.

सर्व्हर सांभाळत नसाल तरी एवढं करा. जीमेल एकाच माणसाला साधारण ४ दिवसांतून एकदाच उत्तर पाठवतं, म्हणजे तिथे वही आधीच आहे. पण ‘आलेल्या प्रत्येक मेलला हे उत्तर’ असा नियम स्वतः बनवला असेल, तर वही आहे का ते तपासा. दुसऱ्या खात्यावरून स्वतःला तीन मेल पाठवा. तीन उत्तरं आली, तर सुट्टीवर जायच्या आधी तो नियम बंद करा. आणि उत्तर एकदाच जाणार आहे, म्हणून त्यात परत येण्याची तारीख आणि तातडीच्या कामासाठी दुसऱ्या कुणाचा पत्ता नक्की लिहा.

ऑफिसमधल्या अ‍ॅडमिन दादा-ताईंना हा भाग फॉरवर्ड करा. एकदाच करा हं! भेटू पुढच्या भागात.