भिंतीवरचा पुरावा

जांभळं पिकायच्या दिवसांत एका सकाळी सिंदी मेघेतल्या आमच्या कुंपणाच्या भिंतीवर विष्ठा दिसली. शेजारी म्हणाले, ‘चाचा, हा बिबटच!’ बोरचा व्याघ्रप्रकल्प आमच्याच जिल्ह्यात. अफवेला पाय फुटायला कितीसा वेळ? दुपारपर्यंत कुणी विष ठेवायची भाषाही केली.

मी काडीनं ती उकलून पाहिली. बिबट्याच्या विष्ठेत भक्ष्याचे केस, हाडांचे तुकडे असतात. सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या. रोही एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो. इथे केस नव्हते, जांभळाच्या अख्ख्या बिया होत्या, आणि त्याही उंच भिंतीवर. म्हणजे आलं होतं उदमांजर: रात्री झाडावर चढून फळं खाणारं, बिया दूरवर पेरणारं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

अशी विष्ठा उघड्या हातानं उचलू नये. तीत जंतांची अंडी असू शकतात. फावड्यानं काढावी, हात साबणानं धुवावेत.

अनोळखी कुणी दारी आला की आपण आधी त्याचं नाव ठरवतो, पुरावा नंतर शोधतो. त्या दिवशी पुरावा आधी पाहिला, म्हणून विषाची पुडी दुकानातच राहिली.