टिपणांच्या दोन प्रतींचे एकीकरण



बेसा येथील शिक्षक शाळेत भ्रमणध्वनीवर पाठटिपणे करतो, घरी संगणकावर त्यांतच भर घालतो. पुढे एक प्रत दुसरीवर उतरविली की कित्येक महिन्यांचे श्रम निमूटपणे पुसले जातात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये दूर केले. ते काम विद्वत्तेचे होते. साध्या मजकुराच्या टिपणांचे बरेचसे काम मात्र यंत्रावर सोपविता येते.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेल्या ‘गिट’ या विनामूल्य साधनात, आज्ञा टंकित करून चालणारी ‘मर्ज-फाइल’ ही सोय आहे. तीस आपली प्रत, दोहोंची सामाईक मूळ प्रत व दुसरी प्रत, अशा तीन प्रती द्याव्या लागतात. मूळ प्रतीवाचून एखादी ओळ इकडे वाढविली की तिकडे गाळली, हे यंत्रास कळावे कसे? एकाच बाजूचा बदल ते स्वीकारते. एकच ओळ दोन्हीकडे निरनिराळी बदललेली असल्यास दोन्ही पाठ खुणा करून ठेवते. तेथे निवड शिक्षकानेच करावयाची. फल पहिल्याच प्रतीत लिहिले जाते, म्हणून आधी तिची नक्कल अवश्य काढावी. आणि एकीकरण झालेली प्रत पुढील वेळची मूळ म्हणून निराळी जपून ठेवावी.