पर्थ ते लंडन, एका दमात

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून लंडन सुमारे १४,५०० किलोमीटरवर आहे. मार्च २०१८मध्ये क्वांटासच्या बोईंग ७८७ विमानानं हे अंतर कुठंही न थांबता, साधारण सतरा तासांत कापलं. डिसेंबर १९४७मध्ये याच कंपनीनं सिडनी-लंडन सेवा सुरू केली, तेव्हा प्रवाशांचे चार दिवस जात. वाटेत सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे मुक्काम आणि थांबे.

पण खरी थक्क करणारी उड्डाणं त्याआधीची, महायुद्धातली. सिंगापूर जपानच्या हाती गेलं आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडकडे जाणारा हवाई मार्गच तुटला. मग १९४३पासून कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी विमानं पर्थहून थेट सिलोनला झेपावू लागली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी संदेश बंद. दिशा शोधायची ती ताऱ्यांवरून. इंधनाचं ओझं एवढं, की प्रवासी फार तर तीन! सत्तावीस ते तेहेतीस तास आकाशात. एकाच प्रवासात दोन सूर्योदय दिसत, म्हणून या सेवेला ‘डबल सनराइज’ असं सुंदर नाव मिळालं.

आज लंडनहून पर्थला येताना वेळ थोडा कमी लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला मागून रेटा देतात.